सशाच्या हातातली तलवार

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली की माझ्या पुस्तकांच्या कपाटातला सर्वांत खालचा कप्पा तिच्या मालकीचा होतो. त्या कप्प्यात चित्रकथा आहेत. पाने सुटलेले काही ‘चांदोबा’, इंद्रजालचे वेताळ, अमर चित्र कथा आणि नंतरच्या काळात हौसेने जमवलेली परदेशी पुस्तके. यंदा तिने त्यातले एक जाडजूड पुस्तक ओढून काढले आणि जमिनीवर पालथे पडून दोन तास वाचले. मग स्वयंपाकघरात येऊन मला विचारले, “मामा, ह्यातली मांजरं, कुत्री, डुकरं सगळी माणसासारखी कपडे घालतात, बोलतात. मग घोडाच का मुका? त्याच्यावर बसतात कसे हे लोक?” मी चहा गाळत होतो. म्हटले, चित्रकाराची मर्जी. तिचे समाधान झाले नाही. थोड्या वेळाने पुन्हा आली. “आणि ह्या लोकांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत का? समोर गेंडा उभा आहे आणि कुणी म्हणतच नाही की अरे, हा गेंडा आहे!”

पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे, ते पुढे येईलच. दुसरा प्रश्न मात्र दिवाळी संपली, ती परत गेली, तरी माझ्या डोक्यातून गेला नाही. प्राण्यांच्या तोंडून माणसांची गोष्ट सांगण्याची परंपरा ज्या देशात दोन हजार वर्षांच्या आसपास चालू आहे, तिथल्या माणसाला हा प्रश्न कधी पडला कसा नाही, ह्याचेच मला नवल वाटत राहिले.

ते पुस्तक होते ‘उसागी योजिम्बो’चे. जपानी भाषेत उसागी म्हणजे ससा आणि योजिम्बो म्हणजे अंगरक्षक. कुरोसावाचा १९६१ सालचा त्या नावाचा चित्रपट अनेकांनी फिल्म सोसायट्यांमधून पाहिलेला असेल. ही चित्रकथा मात्र जपानात नव्हे, अमेरिकेत जन्मली. तिचा कर्ता स्टॅन साकाई १९५३ साली क्योटोत जन्मला, हवाईत वाढला आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. दुसऱ्यांच्या चित्रकथांमधल्या फुग्यांत सुबक अक्षरे लिहून देणे हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. सर्जिओ आरागोनेसच्या ‘ग्रू’ ह्या विनोदी मालिकेची अक्षरे त्याचीच. सतराव्या शतकातला विख्यात तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी ह्याच्या आयुष्यावर चित्रकथा करावी असे त्याच्या मनात होते. एके दिवशी वहीत रेघोट्या ओढताना त्याने एक ससा काढला आणि त्याचे लांब कान डोक्यावर सामुराईच्या शेंडीसारखे बांधून टाकले. ते चित्र त्याला इतके आवडले की मुसाशी मागे पडला आणि मियामोतो उसागी पुढे आला. १९८४ साली पहिली कथा प्रसिद्ध झाली. प्रकाशक अनेक बदलले, पण लिहिणे, रेखाटणे, शाई फिरवणे, अक्षरे काढणे ही सारी कामे एकाच माणसाच्या हातची राहिली. रंग कायमचे आले ते फार उशिरा, २०१९ पासून, आणि खरे सांगायचे तर त्यांची गरज नव्हती.

आपल्या तर्कशास्त्रात ‘शशशृंग’ हा शब्द आहे. सशाचे शिंग, म्हणजे जे असूच शकत नाही ते. साकाईच्या सशाचे बांधलेले कान पाहिले की मला हा शब्द आठवतो. मराठीत ‘सशाचे काळीज’ म्हणजे भित्रेपणाची परिसीमा. आभाळ पडले म्हणून पळत सुटणारा ससा आपल्याला पहिल्या इयत्तेच्याही आधी भेटतो. तोच ससा इथे कमरेला दोन तलवारी लावून, डोक्यावर गवती टोपी घालून, एकटाच रस्त्याने चालला आहे. मालक लढाईत मारला गेला आहे. त्या मालकाचे शिर शत्रूच्या हाती लागून विटंबना होऊ नये म्हणून रणांगणातून ते घेऊन तो निसटला होता. आता तो रोनिन आहे, म्हणजे धनी नसलेला सामुराई. मिळेल त्याच्या रक्षणाचे काम करावे, मिळेल तिथे भात खावा आणि पुढच्या गावी जावे, असे त्याचे आयुष्य.

आता मुक्या घोड्याचा प्रश्न. प्राण्यांची दुनिया उभी करणाऱ्या प्रत्येक चित्रकाराला तो सोडवावा लागतो. डिस्नेच्या जगात गूफी हा कुत्रा आणि प्लूटो हाही कुत्रा. एक मिकीचा मित्र, दुसरा मिकीचा पाळीव. हे कोडे जगभरच्या पोरांनी आपापल्या मामांना घातलेले असणार. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी ‘डकटेल्स’ पाहणाऱ्या पिढीने ते नक्कीच घातले असेल. साकाईने ह्यावर कसलाही खुलासा दिलेला नाही. घोडा हा घोडाच आहे, ओझे वाहतो. मासे हे मासेच आहेत, भाजून खाल्ले जातात. आणि आपल्या गल्लीत जशी भटकी कुत्री, मांजरे असतात, तशी ह्या जगात सरड्यासारखी लांब मानेची ‘टोकागे’ नावाची छोटी जनावरे अंगणात, छपरावर, रस्त्याच्या कडेला हिंडत असतात. ती कुठून आली, हे कुणी विचारत नाही. कुत्रा जिथे ठाणेदार होऊ शकतो, त्या जगात उष्टे खायला कुणीतरी हवे, म्हणून ती आहेत. नियम एकदा ठरवला की मोडायचा नाही आणि समजावूनही सांगायचा नाही, ही साकाईची रीत. हल्लीच्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांत पहिली पन्नास पाने नकाशे, वंशावळी आणि जादूचे कायदे सांगण्यात जातात, तेव्हा ह्या मौनाचे मोल कळते.

मग ह्या जगाला वजन येते कशाने? माझे उत्तर असे की, कामाने. इथे लोक सतत काहीतरी काम करत असतात. एका कथेत पतंग करणाऱ्या कारागिराचे काम आहे: बांबूच्या काड्या, कागद, चित्र, जत्रेत उडवायचा प्रचंड पतंग. तलवारीची चोरी आणि शोध अशी एक दीर्घ कथा आहे. तिच्या आरंभी लोहार पोलाद तापवतो, घडी घालतो, पुन्हा ठोकतो, हे सारे सावकाश दाखवले आहे, चोरी नंतर. एक कथा समुद्रात शेवाळ पिकवणाऱ्या गावाची आहे. चहाच्या विधीवर एक कथा आहे आणि तिच्यात तलवार उपसली जात नाही, दोन माणसे एकमेकांसमोर बसून चहा पितात, एवढेच घडते. माणसे म्हणालो खरा. त्यातला एक ससा आणि दुसरी मांजर आहे. पण वाचताना हे लक्षात राहत नाही. बऱ्याच कथांच्या शेवटी साकाई टिपणे देतो आणि कोणत्या ग्रंथातून काय घेतले हे सांगतो. सशाच्या गोष्टीला संदर्भग्रंथ कशाला, असे कुणी हसून म्हणेल. पण छपराची कौले, दाराचे सरकते पडदे, भाताची वाटी धरण्याची पद्धत ही जर खरी नसती, तर सशाचा चेहराही खोटा वाटला असता. जिथे एक गोष्ट अशक्य आहे, तिथे बाकी सगळ्या शक्य आणि अचूक असाव्या लागतात. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांमध्ये माणसांचे चेहरे खरे असतात आणि बाकी सारे भाड्याने आणलेले, ह्याची इथे आठवण होते. असो.

आणि मारामारी? ती भरपूर आहे. सामुराईची गोष्ट म्हटल्यावर मुडदे पडणारच. पण रक्त जवळजवळ दिसत नाही. कुणी मेला की त्याच्या तोंडाजवळ कवटीचे चित्र असलेला एक चिमुकला फुगा उमटतो, बस्स. ही युक्ती विनोदी आहे आणि विनोदी असूनही गंभीर आहे, कारण तो फुगा प्रत्येकाला मिळतो, नाव नसलेल्या प्याद्यालासुद्धा.

आता भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. प्राणी म्हणजे काय, ह्याचे उत्तर ज्याने त्याने वेगळे दिले आहे. आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’मध्ये ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरे, पोल डुकरे. १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळालेली ही कृती साहसकथा नव्हे, बापाच्या छळछावणीतल्या दिवसांची कहाणी आहे. तिथे प्राणी म्हणजे वंश, आणि ही वाटणी मुळात मारणाऱ्यांनी केलेली होती. स्पीगलमनला तिचा खोटेपणा ठाऊक आहे. म्हणून लपूनछपून हिंडणारा ज्यू डुकराचा मुखवटा दोरीने बांधतो, आणि दुसऱ्या भागाच्या आरंभी लेखक आपल्या फ्रेंच बायकोला कोणता प्राणी करावे ह्याच विवंचनेत बसलेला दिसतो. रूपक स्वतःच्याच हाताने उसवून दाखवणे ह्यालाच म्हणतात.

कानालेस आणि ग्वार्निदो ह्या स्पॅनिश जोडीची ‘ब्लॅकसॅड’ २००० साली आली. पन्नासच्या दशकातली अमेरिका, काळा बोका हा खाजगी गुप्तहेर. चित्रे अशी की पान उलटवत नाही. पण तिथे प्राणी म्हणजे स्वभाव. पोलीस अधिकारी जर्मन शेफर्डच असणार, आणि सरपटणारे कुणी दिसले की वाचक खिसापाकीट सांभाळणार. मजा अशी की दुसऱ्या भागात वर्णद्वेष दाखवायची वेळ आली तेव्हा ह्या कर्त्यांना प्राण्याचा उपयोग होईना. त्यांनी पांढऱ्या केसांचे विरुद्ध काळ्या केसांचे अशी नवी फळी पाडली. डेव्हिड पीटरसनच्या ‘माउस गार्ड’मध्ये (२००६ पासून) आणखी वेगळे उत्तर आहे. तिथे उंदीर म्हणजे आकार. तलवार हातात असली तरी समोरचा साप सापाएवढाच आहे आणि खेकडा खेकड्याएवढा. त्यातले शौर्य सगळे त्या मापातून येते.

साकाईच्या जगात प्राणी म्हणजे चेहरा. त्याहून जास्त काही नाही. बालवयाचा सरदार नोरियुकी पांडा आहे, त्याची अंगरक्षक तोमोए मांजर आहे. फरारी गुन्हेगार पकडून इनाम मिळवणारा गेन गेंडा आहे. त्या काळच्या जपानात पांडा कुठला आणि गेंडा कुठला? पण त्याला महत्त्व नाही. गेन चिक्कू आहे, खानावळीत भरपूर जेवून बिल उसागीच्या गळ्यात मारून पसार होतो. आणि वेळ आली की जिवावर उदार होतो. ह्यातले काहीच गेंड्याचे नाही. गेंड्याच्या कातडीचा वाक्प्रचार आपण राजकारण्यांसाठी राखून ठेवला आहे, तोही त्याला लागू पडत नाही. तो उसागीला ‘लांबकान्या’ म्हणून चिडवतो, हे खरे. पण ते आपण मित्राला ‘नाकाड्या’ म्हणतो तितपतच. भाचीला हे मी सांगायला हवे होते: तोंडे दिसतात त्यांना, पण त्या तोंडावरून कुणी काही ठरवत नाही.

शरीर मात्र साकाई नाकारत नाही, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. झातो-इनो नावाचा आंधळा तलवारबाज डुक्कर आहे आणि तो नाकाने जग पाहतो. वटवाघळे उडतात. म्हणजे नाक, पंख, उंची, वजन हे जन्माने मिळते. कपट, निष्ठा, भ्याडपणा जन्माने मिळत नाही. ही रेषा त्याने चाळीस वर्षे सांभाळली आहे आणि माझ्या मते ह्या मालिकेचे खरे साहस तलवारीत नसून ह्या रेषेत आहे.

मला हे इतके मोठे का वाटते? कारण मी पंचतंत्रावर वाढलो. त्या ग्रंथाची थोरवी मी सांगायला नको. करटक-दमनकाच्या कारस्थानाला तोड नाही. पण त्यातल्या काही गोष्टी मोठेपणी पुन्हा वाचल्या की घास अडकतो. निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा जंगलाचा राजा होतो. एके रात्री दूरवरची कोल्हेकुई ऐकून त्याच्याही कंठातून हाक फुटते आणि तो मारला जातो. लहानपणी आपण हसतो. आणखी एक गोष्ट आहे, ती त्यामानाने कमी सांगितली जाते. सिंहीण कोल्ह्याचे एक अनाथ पिल्लू आपल्या दोन छाव्यांबरोबर वाढवते. तिघे भावासारखे राहतात. एके दिवशी हत्ती दिसतो; छावे त्याच्यावर धावून जायला निघतात, आणि हे पिल्लू घाबरून घराकडे पळते. छावे घरी येऊन त्याची टर उडवतात, ते चिडते. तेव्हा सिंहीण त्याला बाजूला घेऊन समजावते की तू शूर आहेस, शिकलेला आहेस, देखणा आहेस, पण ज्या कुळात तू जन्मलास त्या कुळात हत्ती मारत नाहीत. माझ्या पोरांना कळायच्या आत आपल्या लोकांत निघून जा. आणि ते पिल्लू निघून जाते.

तिने त्याला दूध पाजलेले असते. माझ्या वाचनातली ही एक अतिशय क्रूर गोष्ट आहे, आणि तिची क्रूरता अशी की ती मायेने बोलली जाते. ऋषीने उंदरीची मुलगी केली, सूर्य, मेघ, वारा, पर्वत सगळी स्थळे पाहिली आणि शेवटी तिने उंदीरच पसंत केला, ही तिचीच थोरली बहीण. ह्या देशात आडनाव विचारून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांना ह्या कथांनी घडवले असे मी म्हणणार नाही. उलटेच झाले असणार. ज्या समाजात कुळ हेच कर्तृत्वाचे माप होते, त्याने प्राण्यांकडूनही तेच वदवून घेतले. आणि न्यायाने बोलायचे तर त्याच ग्रंथात कावळा, उंदीर, कासव आणि हरीण ह्यांची मैत्री आहे, जन्माचे वैर बाजूला ठेवून झालेली. पण पाठ्यपुस्तकांत, गोष्टीच्या कॅसेटांत आणि आता मोबाइलवरच्या कार्टूनमध्ये जास्त चालतो तो लबाड कोल्हाच.

आता ह्याच्या शेजारी साकाईची गोष्ट ठेवून पाहा. उसागी गावच्या मुखियाचा मुलगा. नामांकित तलवारशाळेत दाखल व्हायला तो निघालेला असतो. वाटेत त्या शाळेचे मस्तवाल विद्यार्थी एका म्हाताऱ्याला अडवतात आणि म्हातारा त्यांची खोड मोडतो. मुलगा शाळेची वाट सोडतो आणि त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन बसतो. म्हातारा आधी त्याला हाकलतो, शेवटी ठेवून घेतो. हा म्हातारा, कात्सुइची, सिंह आहे. सिंहाच्या पायाशी बसून ससा तलवार शिकतो! आपल्या पंचतंत्रातही ससा आणि सिंह आहेत. तिथे ससा सिंहाला विहिरीत त्याचेच प्रतिबिंब दाखवून बुडवतो. दुबळ्याला बुद्धी हेच बळ, हा धडा मोठाच आहे. पण त्यात ससा दुबळा आहे आणि सिंह खादाड आहे, हे आधी धरून चाललेले असते. साकाईच्या डोंगरावर तो हिशोबच नाही. म्हातारा छडीने बदडतो, लाकडे फोडायला लावतो, पोरगा चुकतो, रडतो, पुन्हा उभा राहतो. तुझ्या कुळात हे होत नाही, असे त्याला कुणी म्हणत नाही. म्हणण्याची कल्पनाही त्या जगात कुणाला सुचत नाही.

कुणी विचारेल, चेहराच फक्त असेल तर माणसेच का काढली नाहीत? प्रश्न रास्त आहे. साकाईने माणसे काढलीही आहेत. सत्तेचाळीस रोनिनांची प्रसिद्ध कथा जेव्हा त्याने चितारली (लेखन माइक रिचर्डसनचे, २०१२-१३), तेव्हा तिथे एकही प्राणी नव्हता. ती घडलेली गोष्ट, तिला माणसाचे तोंड. पण उसागीला सशाचे तोंड दिल्याने काय साधले ते मला असे दिसते. अमेरिकन चित्रकथांमध्ये आशियाई माणसाचा चेहरा कित्येक दशके पिवळा, तिरप्या डोळ्यांचा, कपटी असा रंगवला गेला. जपानी वंशाच्या एका अमेरिकन चित्रकाराने जपानची गोष्ट सांगताना तो चेहराच काढून घेतला. मग होनोलुलूचा वाचक असो, ओहायोचा असो की पुण्याचा, परका म्हणून बाहेर उभे राहायला त्याला जागाच उरली नाही. हा माझा तर्क आहे. साकाईने असे ठरवून केले असे मी म्हणत नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याला फक्त कानांची शेंडी आवडली होती.

आणि सशाचे नाते तसे आपल्यालाही परके नाही. चंद्रावरच्या डागात आपण ससा पाहतो, म्हणून तो शशांक. जपानी पोरे तिथे भात कांडणारा ससा पाहतात. अतिथीसाठी आगीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचली. क्योटोच्या कोझान-जी ह्या मठाशी निगडित अशी एक जुनी चित्रांची गुंडाळी आहे, आठशेहून अधिक वर्षांपूर्वीची. तिच्यात ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात. साकाईचा ससा त्या घराण्यातला आहे.

आता तक्रारी. ही रेषा साकाईकडून सुटते ती गुप्तहेरांच्या टोळ्यांपाशी. मांजरांची एक निन्जा टोळी, चिचुंद्रीसारख्या बिळात राहणाऱ्यांची दुसरी, वटवाघळांची तिसरी. इथे जन्म आणि धंदा एक होतो. चित्राच्या सोयीसाठी हे झाले असावे. काळोखात कोण कोणाच्या बाजूचा हे एका नजरेत कळते. पण ‘कळते’ हीच तर अडचण आहे. पाकीटमार कित्सुनेचेही तसेच. तिचे नावच कोल्ही, ती आहेही कोल्ही आणि लोकांना गंडवते. इथे आपला जुना कोल्हा जपानी वेषात परत आला असे वाटते, जरी पुढे तिची कहाणी कळल्यावर राग राहत नाही. एक बचाव मात्र आहे. ज्या मांजरांची ती टोळी, त्याच मांजरांचा चेहरा तोमोएला आहे, आणि तिच्या निष्ठेबद्दल त्यावरून कुणी संशय घेत नाही.

सर्वांत मोठी गफलत हिकिजीची. उसागीच्या धन्याचा काळ ठरलेला हा महत्त्वाकांक्षी सरदार सुरुवातीच्या एका कथेत दिसतो, आणि तो चक्क माणूस आहे! सगळ्या प्राण्यांत एकटा माणूस, आणि तोच खलनायक. कल्पना क्षणभर झटका देते. पण तिचा अर्थ लावायला गेले की सारे जगच कोसळते. कारण मग प्राणी म्हणजे भले आणि माणूस म्हणजे दुष्ट, अशी वाटणी झाली, आणि चेहऱ्यावरून ओळखू येणारे पाप परत आले. पुढे साकाईने त्याचा चेहरा दाखवणे टाळले. तो सावलीत राहिला, त्याच्या नावाने फक्त हुकूम निघतात. चूक पुसता येत नसेल तर तिच्यावर अंधार टाकावा, हे शहाणपणाचे.

ह्याच्या उलट, ती रेषा सर्वांत पक्की धरलेली मला दिसली ती ‘द हिडन’ ह्या बऱ्याच नंतरच्या, २०१८ सालच्या कथेत. त्या काळी जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली होती आणि ख्रिस्ती लोक लपून राहत. निरीक्षक इशिदा आणि उसागी एका खुनाचा माग काढता काढता ह्या लोकांपर्यंत पोचतात. स्पीगलमनच्या पद्धतीने गेले असते तर ख्रिस्त्यांना एक प्राणी नेमून दिला असता आणि वाचकाला पहिल्याच पानावर सारे कळले असते. इथे कळत नाही. शेजारी कळत नाही, दुकानदार कळत नाही. छळणाऱ्यांनाही कळत नाही, म्हणून तर त्यांना लोकांना पवित्र चित्रांवर पाय द्यायला लावून पारख करावी लागे. मराठी वाचकाला ही कथा वाचताना वसई आठवायला हरकत नाही. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर जपानात उतरला तो गोव्याहून निघूनच, आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया होता. ह्या सव्वीस जणांत जपानी होते, स्पॅनिश होते, एक आपल्याकडचा होता. मारणाऱ्यांनी तेव्हाही चेहरे पाहिले नव्हते, एवढेच.

आपल्याकडे प्राण्यांची चित्रकथा नव्याने करावी असे अधूनमधून कुणाला तरी वाटते. मराठीत चित्रकार उत्तम आहेत, किल्ले आहेत, घाट आहेत, कोष्टी, तांबट, बुरूड, कोळी, मिठागरे, बैलबाजार आहेत. एका शेवाळावर साकाई अख्खी कथा उभारतो, तर मिठागरावर काय होणार नाही! पण अशा प्रकल्पाचे नमुना-पान मला एकदा पाहायला मिळाले होते. त्यात सावकार लांडगा होता, कारकून कोल्हा होता, शेतकरी बैल आणि पाटील वाघ. मी त्या तरुण चित्रकाराला म्हटले, हा बैल पाटील का नाही? तो म्हणाला, “सर, मग लोकांना कळणार कसं?” त्याचे चुकले असे मला म्हणवले नाही. लोकांना कळावे म्हणूनच आपण सगळे हे करत आलो आहोत. ते पुस्तक पुढे निघाले नाही.

भाचीने जाताना माझ्याकडे तिची चित्रकलेची वही विसरली. काल ती पोस्टाने पाठवण्यापूर्वी चाळली. पाच-सहा पाने नव्याच चित्रांची होती. एका पानावर फळ्यासमोर उभा असलेला कोल्हा, हातात खडू, डोळ्यांवर चष्मा. फोनवर मी तिला विचारले, हा लबाड आहे का गं? “ते गणिताचे सर आहेत,” ती म्हणाली, “कडक आहेत थोडे.” आणि पुढच्या पानावरचा घोडा अर्धाच का सोडला? “पाय जमेनात मला. आणि मामा, त्याला बोलायला लावायचं का नाही, ते अजून ठरलं नाहीये.”